फडावरच्या लेकरांचं अंगण

शेतीखात्यातल्या माणसानं बालवाडीवर कशाला लिहावं, असं वाचकांना वाटेल. खत, बियाणं, फवारणी यावर लिहा, असं आमचे शेतकरी बंधू म्हणतील. त्यांचं म्हणणं रास्त आहे. पण ज्या जिल्ह्यात दसरा-दिवाळी झाली की गावंच्या गावं कोयता घेऊन बाहेर पडतात, त्या जिल्ह्यात शेतीचा प्रश्न आणि लेकरांचा प्रश्न वेगळा काढता येत नाही. ऊस हे पीक आहे, आणि तो ऊस तोडणाऱ्या माय-बापाचं तीन-चार वर्षांचं लेकरू त्या पिकाच्या बांधावर पाच-सहा महिने बसलेलं असतं. हा विषय आमच्या खात्याचा नसेल, पण आमच्या शिवाराचा नक्कीच आहे.

आधी मूळ, मग पान

कपाशीचं रोप उगवून आठ-दहा दिवस झाले की नवखा शेतकरी घाबरतो. वर दोन पानं, वाढ काहीच दिसत नाही. जाणता शेतकरी मात्र ओळखून असतो, की ह्या दिवसांत रोप वर वाढत नाही, खाली वाढतं. सोटमूळ जमिनीत शिरत असतं. त्या दिवसांत ताण बसला, तर पुढं कितीही खत टाका, पीक सावरत नाही.

माणसाच्या लेकराचंही असंच आहे. सहा वर्षांच्या आत मेंदूची ८५ टक्क्यांहून अधिक वाढ होते, असं २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात नमूद केलेलं आहे. म्हणून त्या धोरणानं तीन ते आठ ही पाच वर्षं शिक्षणाचा पाया मानली. यातली पहिली तीन वर्षं अंगणवाडीची किंवा बालवाडीची. म्हणजे आपण ज्याला 'शाळेत जायच्या आधीचा रिकामा काळ' समजतो, तो रिकामा नाहीच.

आता पाया म्हटलं की आपल्याकडं लोक लगेच पाटी-पेन्सिल काढतात. तालुक्याच्या गावी इंग्रजी नावाच्या छोट्या शाळा निघाल्या आहेत. तिथं तीन वर्षांच्या पोराला टाय बांधतात आणि वहीत अक्षरं गिरवायला बसवतात. पालकांना वाटतं, पोरगं शिकायला लागलं. वास्तविक त्या वयातल्या बोटांत पेन्सिल धरायची ताकद नीट आलेली नसते. ती ताकद चिंचोके वेचून, माती मळून, मणी ओवून, पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतून येते. गाणी म्हणून जीभ वळते, गोष्ट ऐकून कान तयार होतो, चार पोरांत खेळून आपली पाळी येईपर्यंत थांबायचं कळतं. हेच त्या वयाचं शिक्षण. त्याला इमारत लागत नाही, टाय लागत नाही. लागते ती लेकराकडं नीट बघणारी एक शिकलेली बाई.

ताराबाई आणि अनुताई यांनी काय केलं

ही गोष्ट काही परदेशातून आलेल्या तज्ज्ञांनीच सांगितली असं नाही. आपल्या महाराष्ट्रात दोन बायांनी ती करून दाखवली. इटलीत मारिया मॉण्टेसरी यांनी १९०७ साली रोम शहराच्या गरीब वस्तीत पहिलं बालगृह उघडलं. ती पद्धत गुजरातेत गिजुभाई बधेका यांनी भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत आणली. ताराबाई मोडक तिथं त्यांच्याबरोबर काम करत होत्या. मॉण्टेसरी पद्धतीची साधनं महाग. खेड्यातल्या बालवाडीला ती परवडणारी नव्हती. ताराबाईंनी बिया, शिंपले, खडे, पानं अशा गावात फुकट मिळणाऱ्या वस्तूंवर तेच शिक्षण बसवलं.

१९४५ साली ताराबाईंनी बोर्डी इथं ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. बोर्डी तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं, २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात आहे. लहानपणीच वैधव्य आलेल्या आणि शिक्षिकेची नोकरी करणाऱ्या अनुताई वाघ त्यांच्याबरोबर तिथं गेल्या. बालवाडी काढली, पण ज्यांच्यासाठी काढली त्या गरीब वस्तीतली पोरं येईनात. कुणी धाकट्या भावंडाला सांभाळत होतं, कुणाला शिवाशिवीची धास्ती होती. मग ह्या बाया वस्तीत गेल्या आणि घरांच्या पुढच्या अंगणातच शाळा भरवली. अंगणात भरते म्हणून 'अंगणवाडी'. हा शब्द ताराबाईंचाच. पुढं १९७५ साली २ ऑक्टोबरला केंद्र सरकारनं एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांपासून सुरू केली. ह्या योजनेतून गावोगाव जी केंद्रं उभी राहिली, त्यांना आज सारा देश अंगणवाडी म्हणूनच ओळखतो.

१९५७ च्या सुमाराला हे काम कोसबाडच्या टेकडीवर वारली लोकांच्या मुलखात गेलं. तिथली मोठी पोरं गुरं राखायची. ती शाळेत येत नाहीत म्हणून शाळा कुरणावर नेली, तिला कुरणशाळा म्हणत. मोठ्या बहिणीच्या काखेत धाकटं लेकरू असायचं, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली, तिला विकासवाडी म्हणत. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण आणि अनुताईंना पद्मश्री मिळाली. सत्कार झाले, पुतळ्यांना हार घातले गेले. पण त्यांच्या कामाचं सूत्र एका ओळीत सांगता येतं: लेकरू शाळेपर्यंत येत नसेल, तर शाळेनं लेकरापर्यंत जायचं.

हे सूत्र आपल्या बीड जिल्ह्याला लावून बघा, मग आपण कुठं आहोत ते कळेल.

अर्धी कोरी राहिलेली वही

आमच्या घरी सध्या बालशिक्षणाची पुस्तकं आहेत. सौभाग्यवती घरकाम उरकून हा अभ्यासक्रम करत आहेत. रात्री त्या वाचतात, मीही वाचतो. त्यातला मला सगळ्यांत पटलेला भाग म्हणजे निरीक्षण. शिकाऊ बाईनं एक मूल निवडायचं आणि त्याच्याकडं ठरावीक वेळ नुसतं बघायचं. मधे बोलायचं नाही, शिकवायचं नाही. ते काय उचलतं, कुणाशी बोलतं, कशानं रडतं, किती वेळ एका खेळात रमतं, हे वहीत मांडायचं. महिन्या-दोन महिन्यांनी मागची पानं उलटली की लेकराची वाढ डोळ्यांपुढं उभी राहते. आम्ही पिकाची निरीक्षणं घेतो, तसंच हे. फरक इतकाच, की पीक जागेवर असतं.

सौभाग्यवतींनी सरावासाठी गावच्या अंगणवाडीतली चार वर्षांची एक मुलगी निवडली होती. सुरुवातीला ती कोपऱ्यात बसायची. भाद्रपदात ती गाण्याला टाळ्या द्यायला लागली. दसऱ्याच्या आसपास तिनं चिंचोक्यांचे पाच-पाचचे ढीग आपले आपण लावले. दिवाळी झाली आणि घराला कुलूप लागलं. टोळीबरोबर ती मुलगी कर्नाटकाच्या बाजूला गेली. वहीची पुढची पानं कोरी राहिली.

आता अभ्यासक्रमाचं काय, दुसरं मूल निवडता येतं. वही पुरी होते. पण त्या मुलीचं काय? चिंचोक्यांचे ढीग लावणारं ते पोर आता पाचटाच्या ढिगावर बसून दिवस काढतंय. चैत्रात परत येईल तेव्हा पुन्हा कोपऱ्यात बसेल. आणि पुढच्या दिवाळीला पुन्हा कुलूप. तीन ते सहा ह्या वयात असे तीन हंगाम गेले, की पहिलीच्या वर्गात बसलेलं ते लेकरू 'डोक्यानं मंद' ठरतं. खरं तर त्याच्या पायाची निम्मी वर्षं उसाच्या फडात गेलेली असतात.

कुणाच्याच यादीत नसलेलं वय

सरकारनं काहीच केलं नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. शाळकरी पोरांसाठी साखरशाळांचा प्रयोग झाला. नंतर गावात मागं राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं आली. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा यांच्या नावानं शासकीय वसतिगृहांची योजना २०२१ साली आली. हे सगळं चांगलंच आहे. पण बघा, हे सगळं शाळेच्या वयाच्या पोरांसाठी आहे. २००९ चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा. तीन वर्षांचं लेकरू वसतिगृहात राहू शकत नाही. म्हाताऱ्या आजीजवळ ठेवावं, तर आजीला स्वतःचंच होत नाही. ते आईबरोबरच जाणार, आणि जायलाच पाहिजे. आईपासून तोडून शिक्षण द्या, असं कुणीच शहाणा माणूस म्हणणार नाही.

म्हणजे शाळेच्या यादीत ते नाही, कारण सहा पूर्ण नाहीत. गावच्या अंगणवाडीत नाव आहे, पण लेकरू नाही. जिथं लेकरू आहे, तिथल्या अंगणवाडीला ते परकं आहे. आणि मुकादमाच्या वहीत तर कोयते मोजलेले असतात, लेकरं मोजलेली नसतात.

कायदा म्हणाल तर कायदा लेकरांच्या बाजूचा आहे. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीनंतर घटनेच्या कलम ४५ मध्ये सहा वर्षांखालील सर्व बालकांचं संगोपन आणि शिक्षण यासाठी राज्यानं प्रयत्न करावा, असं लिहिलं गेलं. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं सहा महिने ते सहा वर्षं वयाच्या बालकाला अंगणवाडीतल्या आहाराचा हक्क दिला. सर्वोच्च न्यायालयानं १३ डिसेंबर २००६ च्या आदेशात सांगितलं, की ज्या वस्तीत सहा वर्षांखालची किमान ४० मुलं आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथं लोकांनी मागणी केल्यापासून तीन महिन्यांच्या आत अंगणवाडी मिळाली पाहिजे.

पण आता हिशोब करा. टोळ्या कार्तिकात तळावर पोचतात. तिथं स्थिर व्हायला पंधरा दिवस. मागणी अर्ज कुणी करायचा हे ठरायला आणखी पंधरा. मग तीन महिन्यांची मुदत. तोवर होळी येते आणि पट्टा पडायची वेळ होते. कायदा कायम राहणाऱ्या वस्तीच्या मापानं शिवलेला आहे, उठून जाणाऱ्या वस्तीच्या अंगाला तो बसत नाही.

नोंदीची सोय मात्र झाली आहे. २०२१ पासून पोषण ट्रॅकर हे मोबाइलवरचं ॲप अंगणवाड्यांत आलं. स्थलांतर केलेल्या लेकराचं नाव त्यातून दुसऱ्या अंगणवाडीकडं वळवता येतं. हे उपयोगाचं आहे. पण नाव वळवून लेकरू जात नाही. गावची अंगणवाडी तळापासून दोन-तीन किलोमीटर असते. पहाटे अंधारात फडावर गेलेली आई तिथं पोर सोडायला कशी जाणार? आणि तळ सीमेपलीकडं असेल तर तिथली भाषा कानडी. आपल्या तांड्यावरचं लेकरू घरात गोरमाटी बोलतं, त्याला मराठीच नुकती कळायला लागलेली असते. त्याला तिसऱ्या भाषेच्या अंगणवाडीत बसवून काय हाती लागणार?

बाई टोळीतलीच हवी

म्हणून माझं मत असं, की अंगणवाडीच टोळीबरोबर गेली पाहिजे, आणि तिची बाई टोळीतलीच पाहिजे.

आज आपल्या गावांत दहावी-बारावी झालेल्या सुना कोयता हातात धरताना दिसतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. त्यातली एक शिकलेली सून फडाऐवजी तळावर थांबली आणि टोळीतली वीस-पंचवीस लेकरं तिनं सांभाळली, तर? अडचण एकच, तिचा अर्धा कोयता बुडेल आणि घेतलेली उचल फिटणार नाही. तेव्हा त्या अर्ध्या कोयत्याएवढी मजुरी तिला मिळाली पाहिजे. पुण्य म्हणून करा, सेवा म्हणून करा, असं सांगून भागणार नाही. अंगणवाडीच्या बायांना आपण पन्नास वर्षं 'मानसेवी' म्हणत आलो. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं, की त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे. २०२३ च्या डिसेंबरात महाराष्ट्रभरच्या अंगणवाडी सेविकांना मानधनासाठी संपावर जावं लागलं. ती चूक फडावर पुन्हा नको.

प्रशिक्षणाचं काय, असं कुणी विचारील. त्याचं उत्तर आपल्या हंगामातच आहे. टोळ्या चैत्रात परत येतात आणि दसऱ्यापर्यंत गावात असतात. हे सहा महिने ह्या सुनेनं गावच्या अंगणवाडीत सेविकेच्या हाताखाली काम करावं. गाणी, गोष्टी, निरीक्षण वही, वजन-उंची घेणं, आजारी लेकरू ओळखणं हे हातानं करून शिकावं. आमच्या धंद्यात एक गोष्ट लवकर कळते. बीजप्रक्रियेवर दहा भाषणं ठोकली तरी शेतकरी ती करत नाही. त्याच्याच अंगणात, त्याच्याच पोत्यावर, त्याच्याच हातानं एकदा करून घेतली की तो दुसऱ्याला शिकवतो. लहान मुलांची शिक्षिकासुद्धा भाषणानं तयार होत नाही. बोर्डीला त्या बायाही शिकवता शिकवताच शिकत गेल्या. पोरं का येत नाहीत, हे त्यांना वस्तीत गेल्यावर कळलं, पुस्तकात कळलं नव्हतं.

आणि साधनांची तर फडावर काही कमी नाही. उसाच्या कांड्या लांब-आखूड, जाड-बारीक लावता येतात. कांडीवरचे डोळे मोजता येतात. हिरवं वाढं, पिवळं पाचट, जांभळट ऊस असे रंग ओळखता येतात. मोळीत किती ऊस, गाडीत किती मोळ्या, हे गणित तर त्यांच्या आईबापाचं रोजचंच आहे. ज्या वस्तूमुळं त्यांचं शिक्षण बुडतं, तिच्यातूनच ते सुरू करता येईल.

याचा दुसरा फायदा पहिल्याहून मोठा आहे. तळावर धाकट्याला कोण सांभाळतं? आठ-दहा वर्षांची बहीण. तिचं नाव वसतिगृहाच्या यादीत असलं तरी आई तिला घेऊन जाते, कारण तिच्यावाचून धाकट्याला धरायला कुणी नाही. धाकट्याची सोय झाली, की थोरलीला शाळेत ठेवायला आई तयार होईल. विकासवाडीत हेच साधलं होतं. मुलींची गळती थांबवायची असेल तर नुसत्या सायकली वाटून भागणार नाही, तिच्या काखेतलं लेकरू आधी कुणीतरी घेतलं पाहिजे.

पैसा कुठून येणार?

हा प्रश्न नेहमी शेवटी येतो आणि गाडी तिथंच अडते. पण इथं पैशाची वाट आधीच केलेली आहे. लोकनेते गोपीनाथराव मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी साखर कारखान्यांनी गाळपाच्या दर टनामागं १० रुपये द्यायचे आणि तेवढेच शासनानं घालायचे, असं ठरलेलं आहे. दहा लाख टन गाळप करणाऱ्या एका कारखान्यामागं ही रक्कम एक कोटी होते, शासनाचे धरून दोन कोटी. त्यातला छोटा हिस्सा जरी तळावरच्या अंगणवाड्यांना राखून ठेवला, तरी कितीतरी बायांचा अर्धा कोयता भरून निघेल.

कारखान्यानं द्यायचं ते जड नाही. तळावर एक पत्र्याची मोठी शेड, पिण्याचं पाणी, संडास आणि ट्रॅक्टर-ट्रकच्या वाटेपासून आडोसा. पूर्वीच्या, १९४८ च्या कारखाने कायद्यात ३० हून अधिक स्त्री कामगार असतील तिथं सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघराची तरतूद होती. पण ऊसतोडणीची बाई कारखान्याची कामगार धरलीच गेली नाही, ती मुकादमाची माणूस ठरली. तिनं तोडलेली मोळी मात्र कारखान्याचीच होते.

गावानं काय करायचं?

सगळं सरकारनं करावं म्हणून हात बांधून बसायचं कारण नाही. दसऱ्याच्या आत एक ग्रामसभा घ्या. त्यात सेविकाताईंनी यंदा बाहेर जाणाऱ्या सहा वर्षांखालच्या लेकरांची यादी वाचावी: नाव, वय, वजन, कोणत्या टोळीबरोबर, कोणत्या कारखान्याला. ती यादी मुकादमाच्या हातात द्या आणि एक प्रत पंचायत समितीच्या बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडं. म्हणजे तळावर अंगणवाडीची मागणी करायला कार्तिक उजाडायची वाट बघावी लागणार नाही, मागणी इथूनच निघेल आणि तीन महिन्यांची मुदत गावातूनच मोजायला लागेल. टोळीतली शिकलेली सून कोण, हे त्याच सभेत ठरवा. मुकादमाला सगळे शिव्या घालतात, पण तळावर जागा अडवायची, कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्याशी बोलायचं, हे काम तोच करू शकतो. त्याला ह्यात घ्या.

आणि टोळीतल्या बाप्यांना एक सांगणं. बाईनं लेकरं सांभाळली म्हणजे ती रिकामी बसली, असं म्हणू नका. पंचवीस लेकरं चार तास एका जागी हसती ठेवणं, हे चार तास ऊस तोडण्याइतकंच कष्टाचं आहे. खरं वाटत नसेल तर एक दिवस करून बघा.

रोपवाटिकेतलं रोप उपटून रानात लावताना शेतकरी मुळाभोवतीची माती सोबत घेतो. मुळं उघडी पडू देत नाही. आपण दरसाल हजारो लेकरं गावातून उचलून परमुलखात नेतो, आणि मुळाभोवतीची माती इथंच ठेवून जातो. तीन वर्षांच्या लेकरासाठी ती माती म्हणजे त्याची बाई, त्याची गाणी आणि त्याची बोली. कोयते गाडीत भरताना ह्या दिवाळीला तेवढं सोबत घ्या.